शोकासाठी थेरपिस्ट शोधताना पहिल्या फोनवर काय विचारावं?

अर्धविराम

थेरपिस्टांची कुठलीही ऑनलाइन यादी उघडा. जवळजवळ प्रत्येक नावाखाली तीच माळ असते: चिंता, नैराश्य, नातेसंबंध, करिअर, आत्मविश्वास आणि शेवटी कुठेतरी शोक. त्या एका शब्दावर चाळणी लावली तरी यादी फारशी आटत नाही. ज्याचं माणूस गेलंय त्याच्यात वीस जणांना फोन करत बसायचं त्राण नसतं. पहिलाच अनुभव वाईट आला, की "थेरपीचा काही उपयोग नाही" म्हणून विषय मिटतो.

माहीतगारांना चार प्रश्न:

१. शोकावर खरोखर काम करणारा थेरपिस्ट ओळखायचा कसा?
२. किती दिवस थांबून जावं?
३. आधी सायकियाट्रिस्ट (औषधं देणारा मनाचा डॉक्टर) की आधी सायकॉलॉजिस्ट (बोलून उपचार करणारा)?
४. पहिल्या फोनवर नेमकं काय विचारायचं?

"काळ हेच औषध" हा प्रतिसाद गृहीत धरला आहे. तो कृपया पुन्हा नको.

रिकामटेकडा

काळ हेच औषध.

कुणीतरी लिहिणारच होतं, म्हटलं आटोपून टाकू. आता जाणकारांनी बोलावं. वाचनखूण साठवली आहे.

वाटाड्या

रिकामटेकडा थट्टेत लिहून गेले, पण बहुतेकांच्या बाबतीत ते खरंच आहे. साध्या शोकाला थेरपी लागत नाही. पहिले काही आठवडे झोप उडणं, भूक जाणं, वाचलेलं डोक्यात न शिरणं, गेलेल्या माणसाचा आवाज ऐकल्यासारखं वाटणं, हे सगळं चालतं आणि हळूहळू ओसरतं. ओसरतं म्हणजे संपतं असं नाही. लाटा येतच राहतात, फक्त त्यांच्यातलं अंतर वाढत जातं.

थेरपिस्ट शोधण्याआधी तीन गोष्टी वेगळ्या करून घ्या, कारण तिन्हींना लागणारा माणूस वेगळा असतो.

पहिली, लांबलेला शोक. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत तो स्वतंत्र निदान म्हणून आहे आणि हे वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून लागू झालं. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम-५-टीआर या निदानाच्या पुस्तकातही तो २०२२ मध्येच आला. मूळ लक्षण म्हणजे गेलेल्या माणसाची तीव्र ओढ किंवा डोक्यात सतत त्याचाच विचार, आणि तेही जवळजवळ रोज. त्याच्या जोडीला डीएसएमच्या आठ लक्षणांपैकी किमान तीन लागतात: आपलाच एक भाग गेल्यासारखं वाटणं, मृत्यूवर विश्वास न बसणं, आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळणं, तीव्र भावनिक वेदना, माणसांत आणि कामात परतता न येणं, बधिरपणा, जगणं निरर्थक वाटणं, प्रचंड एकटेपणा. नैसर्गिक मृत्यूनंतर साधारण दहातल्या एकाच्या बाबतीत असं होतं. अपघात, खून, आत्महत्या किंवा मुलाचा मृत्यू असेल तर प्रमाण वाढतं.

दुसरी गोष्ट नैराश्य. शोकात ओढ एका माणसाकडे असते, आणि मध्येच एखाद्या आठवणीवर हसूही फुटतं. नैराश्यात सगळ्यातूनच रस जातो आणि "मी कुचकामी आहे" हा सूर लागतो. दोन्ही एकत्रही असू शकतात.

तिसरी गोष्ट आघात. मृत्यूचं दृश्य, फोनची रिंग, हॉस्पिटलातला वास अचानक आत्ता घडतंय असा अंगावर येत असेल, तर ते काम आघातावर उपचार करणाऱ्याचं. बरेचदा ते आधी करावं लागतं, कारण डोळ्यांसमोर शेवटचीच दहा मिनिटं असतील तर त्या माणसाबरोबरची बाकीची वर्षं आठवायला जागाच उरत नाही.

शंकासुर

लांबलेल्या शोकाचं निदान करायला मृत्यूनंतर थांबायची मुदत आयसीडीत सहा महिने, डीएसएममध्ये मोठ्यांसाठी बारा आणि मुलांसाठी सहा. म्हणजे आठव्या महिन्यात माणूस एका वर्गीकरणात आजारी आणि दुसऱ्यात ठणठणीत! नैराश्याचंही तेच. डीएसएमच्या चौथ्या आवृत्तीत मृत्यूनंतरचे पहिले दोन महिने नैराश्याचं निदान साधारणपणे टाळा असं होतं, २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत ती सूटच काढली. दुःखाला लेबल लावून गिऱ्हाईक वाढवायचे धंदे आहेत असं कुणी म्हटलं तर त्यात काय चुकलं?

वाटाड्या

शंकासुर, वाद जुना आहे आणि दोन्ही बाजूंना वजन आहे. पण सहा काय नि बारा काय, या मुदती निदान करण्यासाठी आहेत. थेरपिस्टचं दार त्याआधी बंद असतं असं कुठेच लिहिलेलं नाही. मुदतीचा फायदाच जास्त: तिसऱ्या आठवड्यात कुणी "तुम्हाला लांबलेला शोक झालाय" म्हणालं, तर त्याला विषय कळलेला नाही हे तुम्हाला लगेच कळतं.

मुदत न पाहता लगेच मदत घ्यायच्या गोष्टी मात्र पक्क्या आहेत. मरण्याचे विचार. अन्नपाणी सुटणं. दारू किंवा झोपेच्या गोळ्यांचं प्रमाण चढत जाणं. घरातल्या लहान मुलाकडे किंवा आजारी माणसाकडे लक्ष देता न येणं. "त्याच्याकडे जावंसं वाटतं" हे वाक्य शोकात पुष्कळदा येतं, आणि चांगला थेरपिस्ट त्यावर न कचरता पुढचा प्रश्न विचारतो: कसं, कधी, त्यासाठी काही जमवलंय का? असं विचारल्याने विचार डोक्यात पेरला जात नाही, उलट बोलायची सोय होते. घरच्यांनीही असंच सरळ विचारावं. उत्तर "हो" आलं तर थेरपिस्टच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. हेल्पलाइन किंवा तातडीची वैद्यकीय सेवा गाठा आणि माणसाला एकटं सोडू नका.

सायली_क

प्रश्न १. यादीतल्या चाळणीपेक्षा उलट्या दिशेने शोधा. जिथे मृत्यू रोजचा आहे तिथले लोक शोकावर काम करणाऱ्यांना नावाने ओळखतात.

हॉस्पिस (शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांची काळजी घेणारी जागा) आणि पॅलिएटिव्ह केअरच्या (गंभीर आजारात त्रास कमी करणाऱ्या सेवेच्या) टीममध्ये बहुधा शोकासाठी नेमलेला माणूस असतो. तुमचा रुग्ण त्यांच्याकडे नव्हता तरी फोन करून "बाहेरच्यांसाठी कुणाचं नाव सुचवाल?" एवढं विचारायला हरकत नाही. कॅन्सर हॉस्पिटलांचे समाजसेवा विभाग हाही चांगला रस्ता. जन्माआधी किंवा जन्मताच बाळ गेलं असेल तर प्रसूती विभागातल्या समुपदेशकाला विचारा. आत्महत्येने माणूस गमावलेल्यांचे आधारगट थेरपिस्टांची नावं जपून ठेवतात, आणि कुणाकडे जाऊ नये हेही तिथेच कळतं.

पैशांची अडचण असेल तर विद्यापीठांच्या क्लिनिकल सायकॉलॉजी विभागाची क्लिनिक्स पाहा. समोर विद्यार्थी असतो, पण त्याच्या प्रत्येक केसवर वरिष्ठांची नजर असते आणि फी कमी. कंपनीकडून मिळणाऱ्या सेशन्सचा आकडा मात्र आधीच विचारून घ्या. ती मोजकीच असतात, आणि निम्मी गोष्ट सांगून झाल्यावर "तुमचा कोटा संपला" हे ऐकणं शोकातल्या माणसाला फार लागतं.

नोंदणीची खात्री स्वतः करा. तुमच्या देशात किंवा राज्यात जी परिषद नोंदणी करते तिच्या यादीत नाव आहे का ते बघा. "लाइफ कोच", "हीलर", "ग्रीफ एक्सपर्ट" ही बिरुदं बऱ्याच ठिकाणी कुणीही लावू शकतं.

तीन-चार नावं झाली की थांबा आणि सगळ्यांना एकच मेल पाठवा. बोलायचं त्राण नसेल तर जवळच्या कुणी तुमच्या वतीने पाठवला तरी चालतो. मसुदा:

"नमस्कार. चार महिन्यांपूर्वी माझ्या भावाचा अचानक मृत्यू झाला. त्या संदर्भात थेरपी सुरू करायची आहे. कृपया कळवावे: (१) शोकावर उपचार करण्याचे कोणते प्रशिक्षण आपण घेतले आहे? (२) अचानक मृत्यूनंतरच्या केसेस आपण घेता का? (३) फी, सेशनचा वेळ आणि रद्द करण्याचे नियम काय? (४) पहिली वेळ कधी मिळेल? सुरुवातीला पंधरा मिनिटे फोनवर बोलता येईल का?"

यात सगळी कहाणी लिहू नका. कोण, कधी, कसं, एवढं पुरतं. दर वेळी नव्याने पूर्ण गोष्ट सांगत बसलात, की चौथ्या माणसापर्यंत पोचेतो जीव थकतो.

टिंब

मसुदा कॉपी केला. धन्यवाद.

खारूताई

सायलीताईंच्या मेलला उत्तर आलं, आता पंधरा मिनिटांचा फोन. त्यात तीनच प्रश्न पुरतात, मात्र उत्तर कसं येतं ते नीट ऐका.

"शोकावर तुम्ही काम कसं करता?" चांगलं उत्तर दोन मिनिटांत एखादी पद्धत सांगतं आणि लगेच तुमच्या परिस्थितीविषयी काहीतरी विचारतं. "मी सगळ्यांना माझं सर्वस्व देते", "आपण पॉझिटिव्ह ऊर्जेवर काम करू", "तुम्ही आधी या तर खरं", ही उत्तरं नव्हेत.

"किती सेशन्स लागतील आणि सुधारणा कशी ओळखणार?" नेमका आकडा कुणीच देऊ शकत नाही, पण "पाच-सहा सेशन्सनंतर मिळून आढावा घेऊ" इतकं तरी यायला हवं. "दोन सेशन्समध्ये मोकळे व्हाल" म्हणणाऱ्याला नमस्कार.

"गेलेल्या माणसाशी मी मनातल्या मनात बोलतो, त्याचं काय?" हा माझा आवडता प्रश्न. १९७१ साली डॉ. रीस यांनी वेल्समधल्या विधवा-विधुरांच्या मुलाखती प्रसिद्ध केल्या, त्यात जवळजवळ निम्म्यांना जोडीदार जवळ असल्याचा भास होत होता. याला थेट वेडात काढणारा किंवा "आता सोडून द्यायला शिका" म्हणणारा थेरपिस्ट वाचनात बराच मागे राहिलेला आहे. १९९६ पासून तर गेलेल्याशी नातं वेगळ्या रूपात चालू राहणं निरोगी असू शकतं, असं मानणारा मोठा विचारप्रवाह आहे.

आणि एक धोक्याची घंटा: "तुम्ही सध्या पाचपैकी दुसऱ्या टप्प्यावर आहात."

उंटावरचा_शहाणा

अरेच्चा! मग जे पाचव्या टप्प्यावर पोचलेत त्यांनी खाली उतरायचं का?

खारूताई

उंटावरचे, आधी तुम्ही उतरा. :)

नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य, स्वीकार ही मांडणी एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांची, १९६९ ची. ती त्यांनी मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून केली होती. मागे राहिलेल्यांना ती नंतर चिकटवली गेली. शोक असा पायऱ्या चढत जात नाही. मग "मला राग आलाच नाही, म्हणजे माझं काहीतरी चुकतंय" अशी भलतीच काळजी घेऊन लोक येतात.

पाणपोई

खारूताई, इथे थोडी असहमती. टप्प्यांचं नाव काढलं की थेरपिस्ट बाद, हा निकष फार कडक झाला. कित्येक जण घरच्यांना समजेल अशी भाषा म्हणून ते शब्द वापरतात. आपल्याला आलेला राग नैसर्गिक आहे हे कळल्यावर माणसाला बरंही वाटतं. बघायचं ते इतकंच, की तो टप्प्यांचं वेळापत्रक करतो का. "अजून स्वीकार कसा नाही झाला?" असं विचारलं तर उठून यावं.

त्यापेक्षा त्याला दुसरं काही माहीत आहे का ते पाहा. १९९९ मध्ये मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी मांडलेलं मॉडेल शोकावर काम करणाऱ्या बहुतेकांना ठाऊक असतं. माणूस दोन टोकांमध्ये ये-जा करतो: कधी दुःखात बुडतो, कधी बँकेची कामं, नवी जबाबदारी, सिनेमा यांत रमतो. दोन्ही लागतं. एकाच टोकाला अडकला की अडचण. विल्यम वर्डन यांची चार कामंही प्रसिद्ध आहेत: मृत्यूचं वास्तव मान्य करणं, वेदनेतून जाणं, त्या माणसाशिवायच्या जगाशी जुळवून घेणं आणि त्याच्याशी नातं राखून पुढचं आयुष्य जगणं. गंमत अशी की १९८२ मध्ये चौथं काम वेगळं होतं, गेलेल्यातून भावनिक गुंतवणूक काढून ती दुसरीकडे लावायची. वर्डन यांनी पुढच्या आवृत्त्यांत ते स्वतःच बदललं.

शंकासुर

थेरपिस्टची तोंडी परीक्षा घ्यायची तर मग फी कुणी कुणाला द्यायची?

वाटाड्या

:) परीक्षा घेऊ नका, "कसं काम करता?" एवढंच विचारा. ज्याला येतं तो आपणहून बोलतो.

आता कुणीच न लिहिलेला भाग: आत गेल्यावर होतं काय? लांबलेल्या शोकावर सर्वांत जास्त तपासली गेलेली पद्धत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या कॅथरीन शिअर यांची. आठवड्याला एक याप्रमाणे साधारण १६ सेशन्स. २००५ च्या त्यांच्या चाचणीत या पद्धतीने ५१ टक्के लोकांना फरक पडला. नैराश्यासाठी चालणारी एक नावाजलेली थेरपी ज्यांना दिली, त्यांच्यात तोच आकडा २८ होता. म्हणजे थेरपी चांगली असूनही शोकासाठी ती तितकी पुरी पडली नाही, आणि म्हणूनच "शोकाचं प्रशिक्षण आहे का?" हा प्रश्न महत्त्वाचा.

सुरुवातीला रोजची नोंद: आज शोकाची तीव्रता सर्वांत जास्त कधी होती, कमी कधी होती, त्या वेळी काय चाललं होतं. पहिल्या दोन-तीन भेटींत नात्याचा इतिहास, आणि जवळच्या एका माणसाला एका सेशनला बोलावणं. मग सगळ्यात अवघड काम. डोळे मिटून, मृत्यूची बातमी कळली तो प्रसंग वर्तमानकाळात सांगायचा: "मी जिन्यात आहे, फोन वाजतोय." काही मिनिटंच. मध्ये मध्ये थेरपिस्ट ० ते १०० मध्ये त्रास किती आहे ते विचारतो. त्याचं रेकॉर्डिंग होतं आणि ते घरी रोज ऐकायचं असतं. सांगून झालं की डोळे उघडून जे आलं त्यावर बोलायचं, मग ती गोष्ट मनाने बाजूला ठेवायची, आणि पुढच्या तासासाठी स्वतःला बरं वाटेल असं काहीतरी आधीच ठरवून ठेवायचं.

बिघडतं ते या शेवटच्या भागात. अर्धवट शिकलेला थेरपिस्ट प्रसंग उकरून काढतो, तेवढ्यात घड्याळात पन्नास मिनिटं होतात आणि माणूस उघड्या जखमेने रस्त्यावर येतो. दुसरी चूक घाईची. ओळख व्हायच्या आत, पहिल्याच भेटीत "सांगा, काय झालं होतं तेव्हा, सविस्तर". पहिल्या भेटीत "यावर आज बोलायचं नाहीये" म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. त्यावर समोरचा कसा वागतो, ती त्याची खरी मुलाखत.

टाळलेल्या गोष्टींची यादीही करतात. बंद खोली, तो रस्ता, फोटोंचा फोल्डर. सोप्यापासून अवघडाकडे, एकेक.

मधुमालती

वर्तमानकाळात सांगायचं हे वाचूनच धस्स झालं. सगळ्यांना हेच करावं लागतं का?

वाटाड्या

नाही, मधुमालती. लांबलेल्या शोकासाठी, आणि माणूस तयार असेल तरच. साध्या शोकात कुणी हे करायला लावत असेल तर नकार द्या.

डोसकं

प्रश्न ३ राहिलाच.

गोळ्या शोकावर नाहीत. शिअर यांच्याच गटाच्या २०१६ च्या चाचणीत थेरपीबरोबर सिटालोप्रॅम हे नैराश्याचं औषध देऊन पाहिलं. शोक कमी होण्यात त्याने भर पडली नाही, पण थेरपी घेणाऱ्यांची नैराश्याची लक्षणं मात्र आणखी कमी झाली. म्हणून सोबत नैराश्य असेल, मरणाचे विचार असतील, आधीपासून मानसिक आजाराची औषधं चालू असतील किंवा सलग कित्येक रात्री झोप नसेल, तर आधी सायकियाट्रिस्ट. नाहीतर सायकॉलॉजिस्ट, आणि तो गरज वाटल्यास पुढे पाठवतो. घरगुती अंदाजासाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची चाचणी, ० ते २७ गुण; १० किंवा त्याहून जास्त आले तर दाखवून घ्या. ताज्या शोकात हे गुण असेच चढतात, तेव्हा एका दिवसाच्या आकड्यावर जाऊ नका.

झोपेच्या आणि "शांत करणाऱ्या" गोळ्यांबद्दल: बेंझोडायझेपिन गटातल्या गोळ्या नातेवाईक मायेने हातावर ठेवतात. चार दिवसांचा आधार म्हणून डॉक्टरने दिल्या तर ठीक, पण आठवड्यांमागून आठवडे घेतल्या की सवय लागते. सवय लागल्यावर एकदम बंद केल्या तर झटके येण्यापर्यंत मजल जाते. सुरू करताना "बंद कधी आणि कशा करायच्या?" हेही विचारून घ्या.

जरासं अवांतर: छातीत दुखलं, धाप लागली तर "दुःखाने होतंय" म्हणून घरी बसू नका. मोठ्या धक्क्यानंतर हृदयाचा स्नायू तात्पुरता दुबळा पडू शकतो, १९९० मध्ये जपानी डॉक्टरांनी त्याला ताकोत्सुबो असं नाव दिलं. लक्षणं हुबेहूब हार्ट अटॅकसारखी असतात, आणि कधी कधी तो खरोखरच हार्ट अटॅक असतो. दोन्हीतला फरक हॉस्पिटलातच कळतो.

रिकामटेकडा

धाग्यावर आलो थट्टेसाठी, जातोय ईसीजी काढायला.

निशिगंध

आतापर्यंतची चर्चा मृत्यूभोवतीच फिरली. पण गर्भपात, घटस्फोट, पाळीव प्राणी, लपवलेलं नातं, डिमेन्शियात समोर असूनही हरवत चाललेले आईवडील? केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा शोकावर लिहिलं, ज्याला आजूबाजूचे शोक मानतच नाहीत. कुणी भेटायला येत नाही, रजा मिळत नाही. बेपत्ता माणसाचं आणखी वेगळं. पॉलिन बॉस यांचं सगळं काम अशा अधांतरी नुकसानावर आहे. तिथे "स्वीकारा" म्हणणं म्हणजे त्या माणसाला आपल्या हातांनी मारायला सांगण्यासारखं. थेरपिस्टला असं काही कळत नसेल तर तो अनवधानाने घाव घालतो.

म्हणून फोनवर तुमचं नुकसान काय आहे ते एका वाक्यात सांगा आणि पुढचे पाच सेकंद ऐका. "अच्छा, कुत्रा का!" असा सूर लागला तर पुढचं नाव.

मधुमालती

लहान मुलांसाठी वेगळा थेरपिस्ट लागतो का?

निशिगंध

हो, मुलांबरोबर काम करणाराच हवा. पाच-सात वर्षांचं मूल खुर्चीत बसून बोलत नाही. ते खेळात, चित्रात दाखवतं. पुष्कळदा दोन-तीन सेशन्स फक्त पालकांशी होतात आणि तेवढ्यावर भागतं. दहा मिनिटं रडून मूल खेळायला पळालं तर त्याला दुःख नाही असं समजू नका, मुलांचा शोक असाच तुकड्यातुकड्यांनी येतो. "बाबा झोपलेत" किंवा "देवाला आवडले म्हणून नेले" मात्र सांगू नका, मुलं झोपायला घाबरू लागतात किंवा देवाच्या आवडीचं होण्याची धास्ती घेतात. शरीर बंद पडलं, आता ते परत येणार नाहीत, तुझ्यामुळे हे झालेलं नाही, आणि तुझी काळजी अमुक अमुक माणूस घेणार आहे, इतकं साध्या शब्दांत.

सायली_क

ऑनलाइनबद्दल कुणी विचारण्याआधी लिहून टाकते. शोकासाठी ऑनलाइन चालतं, पण सोय आधी करा. इअरफोन, कडी लागणारं दार (घरी जमत नसेल तर उभी केलेली गाडी), हाताशी पाणी. सेशन संपल्यावर किमान अर्धा तास मोकळा ठेवा. तीनला थेरपी आणि चारला ऑफिसची मीटिंग असं ठरवलं, की माणूस सेशनमध्येच स्वतःला आवरायला लागतो. थेरपिस्टला तुमचा सध्याचा पत्ता आणि अडचणीत फोन करायचा एक नंबर माहीत हवा. त्याने हे विचारलंच नाही तर ते कच्चं काम. तो परदेशात असेल तर तुमच्या भागातल्या माणसाला सेवा द्यायची त्याला परवानगी आहे का हेही बघा.

आणि शक्यतो ज्या भाषेत त्या माणसाशी भांडलात, त्या भाषेत थेरपी घ्या.

उंटावरचा_शहाणा

गटात जाणं बरं नाही का? स्वस्त, आणि सगळे एकाच नावेतले.

पाणपोई

सगळे एकाच नावेतले नसतात, अडचण तीच आहे. गट निवडताना विचारा: सगळ्यांचं नुकसान सारख्या प्रकारचं आहे का? चालवणारा प्रशिक्षित आहे का? गट बंद आहे (तेच लोक, ठरावीक आठवडे) की खुला (कुणीही कधीही)? खुल्या गटात दर वेळी नवी कहाणी कानावर पडते, ताज्या शोकात ते झेपत नाही. आठ-दहांपेक्षा जास्त माणसं असतील तर बोलायची पाळीच येत नाही. आघाताची दृश्यं अंगावर येत असतील तर आधी एकट्याने उपचार, गट नंतर.

अर्धविराम

सगळ्यांचे आभार, अपेक्षेपेक्षा पुष्कळ मिळालं. दोन उपप्रश्न. एक: चार सेशन्स झाली, रडू येतं, पुढे सरकतंय की नाही कळत नाही, कसं ठरवायचं? दोन: वाटाड्यांच्या तिन्ही खणांत जो बसत नाही, ज्याला फक्त कुणीतरी ऐकून घ्यायला हवंय, त्याने काय करावं?

वाटाड्या

दुसऱ्याचं आधी. सरसकट सगळ्या शोकग्रस्तांना थेरपी दिली तर फायदा फारसा दिसत नाही, हे २००८ च्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं होतं. ज्यांना खरोखर त्रास होतोय त्यांना दिली तर दिसतो. त्यामुळे ऐकणारं माणूसच हवं असेल तर आधारगट, हॉस्पिसचे स्वयंसेवक किंवा समुपदेशकाकडे चार-पाच भेटी पुरतात. सोळा सेशन्सचं पॅकेज गळ्यात मारून घेऊ नका. आगाऊ पैसे भरायला लावणारी पॅकेजेस एरवीही टाळावीत.

खारूताई

पहिल्याचं मी सांगते. रडणं हे माप नाही. पहिल्या काही सेशन्सनंतर त्रास वाढल्यासारखा वाटू शकतो, कारण झाकलेलं उघडं होतं. बघायचं ते आयुष्यात: टाळलेली एक तरी गोष्ट झाली का? एखादी आठवण न बुजता सांगता आली का? दोन दिवस कोलमडलात तरी तिसऱ्या दिवशी उठता का? आकडाच हवा तर १९९५ पासून वापरात असलेली एकोणीस प्रश्नांची शोक-मापनश्रेणी आहे, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ७६. २५ च्या वर असेल तर त्रास जास्त. थेरपिस्टने ती सुरुवातीला आणि मधूनमधून भरून घेतली तर उत्तम. घेत नसेल तर तुम्ही मागा.

जमत नाहीये असं वाटलं तर गायब होऊ नका, आधी तोंडावर सांगा: "मला वाटतं आपण त्याच त्याच गोष्टीभोवती फिरतोय." चांगला माणूस दिशा बदलतो किंवा स्वतःच दुसरं नाव सुचवतो. मन दुखावून घेणारा किंवा "हा तुमचा प्रतिकार आहे" म्हणून तुमच्यावरच उलटवणारा असेल तर पुढे दोन ओळींचा मेल पुरे, स्पष्टीकरण द्यायला तुम्ही बांधील नाही. नोंदींचा सारांश नव्या थेरपिस्टसाठी मागून घ्या.

तारखांचंही बघा. वर्षश्राद्ध, वाढदिवस, शेवटचं ऑपरेशन झालं तो दिवस, या आठवड्यांतली वेळ आधीच धरून ठेवा. थेरपिस्टच्या सुट्ट्या नेमक्या तेव्हाच निघतात.

टिंब

एक शंका. मूल गेलेलं असेल तर नवरा-बायकोने एकत्र जावं की वेगवेगळं?

पाणपोई

आधी वेगवेगळं, मग काही सेशन्स एकत्र. मी वर लिहिलेली दोन टोकं इथे नेमकी आड येतात: एक जण फोटो घेऊन बसतो, दुसरा गॅरेज आवरत राहतो, आणि दोघांनाही वाटतं की समोरच्याला दुःखच नाही किंवा ते संपवायचंच नाही. एकत्र सेशन्समध्ये हे फोडून सांगणारा थेरपिस्ट हवा, म्हणून जोडप्यांबरोबर काम केल्याचा अनुभव विचारा. दोघं एकाच थेरपिस्टकडे स्वतंत्र जाणार असाल तर एकाने सांगितलेलं दुसऱ्यापर्यंत जाणार की नाही, तो नियम पहिल्याच दिवशी लेखी घ्या.